जड अनिल आणि सारजनक

आमच्या घरात सकाळी दूध येण्याआधी एक आवाज सुरू व्हायचा, तो म्हणजे अप्पांच्या बोटाचा. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बेंगळुरातल्या चिकपेट बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि घर दुकानाच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे अर्धा माल घरातच पडलेला असायचा. कुठलंही भांडं हातात आलं की अप्पा ते आधी कानाशी धरत आणि बोटाच्या सांध्याने त्याला एक ठोका देत. आवाज लांबत गेला तर माल चांगला, मध्येच तुटला तर भेसळ. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की ते शहाळ्याला, दाराला आणि परीक्षेत कमी मार्क पडले की माझ्या डोक्यालाही ठोका देत. आई म्हणायची, मला बघायला आले तेव्हा कपाळावर टिचकी मारून बघितली नाही, हेच माझं नशीब. आई हे सांगायची तेव्हा तिचे हात बहुधा हुळीच्या चिंचेत असत. आमच्याकडे आमटीला हुळी म्हणत. आमचं घराणं बेंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की कुठला शब्द मराठी आणि कुठला कन्नड, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

तो प्रश्न पडला केळकरांमुळे. पुण्याहून बदली होऊन आलेले केळकर काका आमच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहायला आले. बायको, एक मुलगी आणि सात पेट्या पुस्तकं. मुलगी माझ्याच वयाची, नाव शुभदा, आठवीत. काका तत्त्वाचे पक्के होते. जिथे राहायचं तिथली भाषा आली पाहिजे, असं म्हणून त्यांनी तिला थेट माझ्या कन्नड शाळेत आणून बसवलं. मुलं पाण्यात टाकली की आपोआप पोहतात, असा त्यांचा सिद्धांत होता. स्वतः मात्र ते आमच्या दारावरच्या फुलवालीशी हिंदीत बोलत आणि तिने कन्नडात उत्तर दिलं की आईला हाक मारत.

शाळेत शुभदाला शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसवलं गेलं, आणि रामय्या मेष्ट्रूंनी मला दुभाषी नेमलं. मेष्ट्रू म्हणजे मास्तर. ते विज्ञान शिकवत, उंच होते, खडूच्या तुकड्यावर तुकडा संपवत आणि धडा कधीही अर्ध्यात सोडत नसत. ते बोलतील ते मी हळू आवाजात शुभदाला मराठीत सांगायचं, असं ठरलं. तोवर शाळेत मला कोणी कुठलंही काम दिलं नव्हतं, फळा पुसण्याचंसुद्धा नाही. आता एक अख्खी मुलगी माझ्या तोंडावर अवलंबून होती. मी काय केलं असेल, हे सांगायला नकोच.

त्या वर्षी आम्हाला मूलद्रव्यांचं कोष्टक होतं. मेष्ट्रूंनी फळ्याशेजारी भला मोठा तक्ता टांगला, चौकोनांची चाळच्या चाळ, प्रत्येक चौकोनात एकेक बिऱ्हाड. आता कन्नडात नायट्रोजनला सारजनक म्हणतात. आणि आमच्या शाळेत, सगळ्या बेंगळुरात म्हणा, सरांना ‘सार’ म्हणतात. मी शुभदाच्या कानात सांगितलं की सारजनक म्हणजे सारांचे जनक, आपल्या मेष्ट्रूंचे वडील. मेष्ट्रू तेव्हा नेमके सांगत होते की हवेच्या पाच भागांत जवळजवळ चार भाग सारजनक असतो. शुभदाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, कधी वारले? मी म्हटलं, मागच्याच वर्षी. पुढे अनेक दिवस मेष्ट्रूंनी सारजनक म्हटलं की ही मुलगी मान खाली घालत असे, आणि मेष्ट्रूंना वाटे की पुण्याकडची मुलं किती नम्र असतात.

मग आले जडानिल. तक्त्याच्या अगदी उजव्या कडेची उभी ओळ, हेलियम, निऑन आणि मंडळी. जड म्हणजे निष्क्रिय, अनिल म्हणजे वायू. पण शुभदाच्या कानाला ते ‘जड अनिल’ असं ऐकू आलं आणि तिने विचारलं, हा अनिल कोण? देवानेच पुढ्यात वाढलेलं ताट मी परत करणार नव्हते. मी सांगितलं की अनिल हा आपल्या शाळेतला जुना विद्यार्थी, फार जाड, कोणाशी मिसळायचा नाही, कोणाशी बोलायचा नाही, म्हणून मेष्ट्रू त्याचं उदाहरण देतात. तेवढ्यात मेष्ट्रू म्हणाले की जडानिल कोणाशीही संयोग पावत नाहीत. मी तेही तिला शब्दशः सांगितलं. ‘बिचारा,’ शुभदा म्हणाली आणि वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

माझी नात परवा टॅबलेटवर हाच तक्ता रंगवत बसली होती. सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिला एलिमेंट, ॲटम, मॉलिक्यूल यांखेरीज दुसरे शब्द माहीत नाहीत. तिला जड अनिलची गोष्ट सांगितली तर म्हणाली, आजी, दॅट्स बुलिइंग. असेल. पण माझी बाजूही ऐकून घ्या. शुभदा हुशार होती आणि मला ती फार आवडत होती. संध्याकाळी आम्ही दोघी अप्पांच्या दुकानात जाऊन बसायचो. अप्पांच्या फळ्या अशा लावलेल्या असत की डावीकडे हलकं भांडं आणि उजवीकडे जात जात जड. आणि वरून खाली पाहिलं तर एका रांगेत एका घराण्याची भांडी, पाणी पिण्याच्या लोट्याखाली तांब्या, तांब्याखाली घागर, घागरीखाली हंडा. कोष्टकही तसंच आहे हे शुभदाला एका नजरेत कळलं, मला तीन धडे ऐकून कळलं नव्हतं. आडवं गेलं की अणू जड होत जातो, उभं पाहिलं की स्वभाव सारखे. सोडियमला पाण्यात टाकलं की तो भडकतो आणि त्याच्या खालचा पोटॅशियम त्याहून भडकतो, कारण घराणंच तसलं. ज्याने हे कोष्टक पहिल्यांदा मांडलं, त्याने न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी काही घरं रिकामी ठेवली होती, असं तिने अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, तो माणूस दुकानदार असणार.

त्याच दुकानात माझी सगळ्यात मोठी खोडी जन्माला आली, आणि ती मी बनवलेलीसुद्धा नव्हती. ती दोन भाषांनी मिळून बनवली होती. मराठीत धातू म्हणजे तांबं, पितळ, लोखंड. कन्नडात मात्र धातु म्हणजे मूलद्रव्य, कुठलंही. सोनंही धातु, गंधकही धातु, आणि ज्याला ते आम्लजनक म्हणतात तो प्राणवायूही धातु. मराठीतला धातू त्यांचा लोह. शिवाय मराठीतला अणू म्हणजे त्यांचा परमाणु, आणि त्यांचा अणु म्हणजे आपला रेणू. मला हे माहीत होतं, कारण मी दोन्ही घरची. शुभदाला माहीत नव्हतं. मेष्ट्रूंनी आम्लजनक हा धातु आहे असं सांगितलं, तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, ‘प्राणवायू हा धातू आहे म्हणतात.’ यात एक अक्षरही खोटं नव्हतं. शुभदाचे डोळे मोठे झाले. संध्याकाळी तिने अप्पांना सांगितलं की इथल्या शाळेत प्राणवायूला धातू म्हणतात. अप्पांची शाळा चौथीत सुटली होती, रसायनापर्यंत ते पोचलेच नव्हते. त्यांनी हातातला हंडा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘वाजत नाही तो धातू कसला?’ मग त्या महिन्यात जो कोणी गिऱ्हाईक आला त्याला त्यांनी सरकार मुलांना काय शिकवतंय ते ऐकवलं. मी हंड्यांच्या मागे बसून पोट धरून हसत होते. शुभदाला खरं काय ते सांगायचं, हे मी रोज उद्यावर टाकत होते.

सहामाही झाली. केळकर काकांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं की एका जरी विषयात नापास झालीस तर नाताळानंतर पुण्याला आत्याकडे पाठवीन, तिथल्या शाळेत बस. मला तेव्हाच धातूची आठवण झाली होती. पण शुभदा रात्रंदिवस अभ्यास करत होती, कन्नड अक्षरं मोत्यासारखी काढत होती, त्यामुळे मी स्वतःची समजूत घातली. अवरेकाळूच्या शेंगा बाजारात आल्या त्या आठवड्यात पेपर मिळाले. अवरेकाळू म्हणजे तुमचे पावटे, पण त्यांचा वास आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस राहायचा. सगळ्या बायका ओट्यावर भिजवलेले दाणे चिमटीत धरून साल उडवत बसल्या होत्या, आणि त्यातच शुभदा पेपर घेऊन आली. विज्ञानात नापास. पुढीलपैकी धातु कोणते, या प्रश्नाला तिने आम्लजनक, गंधक, इंगाल म्हणजे कार्बन, सगळे सोडून फक्त तांब्यावर खूण केली होती. धातुचा सर्वांत लहान कण कोणता, याला लिहिलं होतं, अणु. प्रत्येक उत्तर मराठीत बरोबर होतं. पेपरावर लाल शाईच लाल शाई होती. ती माझी होती, मेष्ट्रूंची नव्हती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, आणि आईने हितकबेळेची, म्हणजे त्या सोललेल्या पावट्यांची, हुळी केली असताना मी न जेवणं ही घरात डॉक्टर बोलावण्याची गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मी शुभदाचं पुण्याचं जुनं विज्ञानाचं पुस्तक घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले आणि मेष्ट्रूंना सगळं सांगितलं. सारजनकाचं सोडून सगळं. मेष्ट्रूंना हिंदीमुळे नागरी वाचता येत असे. त्यांनी ‘धातू’ हा शब्द बोट ठेवून वाचला, त्याखालचं लोखंडाच्या सळईचं चित्र पाहिलं, आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की मुलीला विषय येत असेल आणि फक्त शब्द चुकला असेल, तर ते मार्क कापायचा मला अधिकार नाही. उद्या तोंडी घेतो. तू दुभाषी. आणि या वेळी नीट सांग.

मी धावत घरी आले आणि माडीवर गेले. शुभदा ट्रंकेत कपडे भरत होती आणि गुणगुणत होती. मी तिला आनंदाची बातमी दिली. तिचा चेहरा असा काही उतरला की मला आधी कळेचना. तिने दार लावून घेतलं आणि मला जे सांगितलं ते ऐकून मी ट्रंकेवरच बसले. तिला सगळं माहीत होतं. गणपतीपासून माहीत होतं. फुलवालीकडून, रिक्षावाल्यांकडून, आमच्या आईकडून ती कन्नड शिकली होती, आमच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर धातुचा अर्थ तिने स्वतः वाचला होता, आणि जड अनिल कोण तेही तिला ठाऊक होतं. पेपर तिने मुद्दाम मराठीत विचार करून लिहिला होता. काकांनी जी धमकी म्हणून दिली होती ती हिला बक्षीस वाटत होती. पुण्याला तिची आत्या होती, सायकल होती, पहिलीपासूनच्या चार मैत्रिणी होत्या. ‘इथं माझं कोण आहे?’ ती म्हणाली. मी तिथेच बसलेली होते. मग तिने मला बजावलं, उद्या मी सगळी उत्तरं मराठीत देणार आणि सगळी चुकीची देणार, तू फक्त जशीच्या तशी सांगायची. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. मी बरं म्हटलं.

तोंडी परीक्षा मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात झाली. मेष्ट्रू खुर्चीवर, शुभदा समोर उभी, मी मध्ये. मेष्ट्रूंनी कन्नडात विचारलं की आम्लजनक धातु आहे का. शुभदा मराठीत ठामपणे म्हणाली, ‘नाही, मुळीच नाही.’ मेष्ट्रूंनी माझ्याकडे पाहिलं. देवाशपथ सांगते, मी काही ठरवून आले नव्हते.

‘हौदंते, सार,’ मी म्हणाले. हो म्हणते.

शुभदाची मान झटकन माझ्याकडे वळली. पण ती बोलणार काय? मी खोटं सांगितलं असं म्हणायचं तर आधी कन्नड कळतं हे कबूल करायला हवं, आणि ते कबूल केलं की पेपर मुद्दाम चुकवला हे उघड. ती हे एका क्षणात समजली आणि मीही समजले. पाण्याचा सर्वांत लहान कण कोणता, असं मेष्ट्रूंनी विचारलं. शुभदाने दात आवळून मला मराठीत सांगितलं की मी लबाड आहे, दगाबाज आहे, आणि घरी पोचल्यावर ती माझ्या दोन्ही वेण्या कापणार आहे. मी सांगितलं, ‘अणु, सार.’ मेष्ट्रूंनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले, एवढं लांबलचक बोलली आणि एवढंच निघालं? मी म्हटलं, ‘मराठी स्वल्प उद्द, सार.’ मराठी जरा लांब असते.

मग त्यांनी विचारलं की जडानिल कोणाशी संयोग का पावत नाहीत. शुभदाने माझ्याकडे रोखून पाहत, एकेक शब्द चावत उत्तर दिलं, ‘कारण अनिल जाड आहे. त्याचं बाक त्याच्या एकट्याने भरलंय. दुसऱ्या कोणाला तिथं जागा नाही.’ या वेळी मात्र मी एक शब्द बदलला नाही, फक्त जाडपणा वगळला. मेष्ट्रू खुर्चीतून उठलेच. बाहेरचं कवच भरलेलं, म्हणून आणखी इलेक्ट्रॉनला जागा नाही, मी वीस वर्षं शिकवतोय पण बाक मला सुचलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. शुभदाचे कान लाल झाले होते.

शेवटी त्यांनी पेन बंद केलं आणि जरा मवाळ आवाजात तिला विचारलं, ‘इल्ले इर्तीया, मगू?’ इथंच राहशील ना, बाळ? हा प्रश्न परीक्षेतला नव्हता. शुभदाने माझ्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघून मराठीत उत्तर दिलं, ‘नाही. मला पुण्याला जायचंय.’

मला ते वाक्य कन्नडात सांगता आलं असतं. सोपं होतं. माझी जीभ उचलली गेली नाही. माझ्या आयुष्यात मला तिच्यासारखी मैत्रीण मिळाली नव्हती, आणि मी तिला चार महिने मूर्ख बनवत आले होते, आणि ती मला त्याहून जास्त मूर्ख बनवत आली होती, आणि ती गेली तर हे सगळं मी कोणाबरोबर हसणार, हे मला समजत नव्हतं.

‘इर्ताळंते, सार,’ मी म्हणाले. राहीन म्हणते.

‘सुळ्ळु, सार,’ शुभदा ओरडली. ‘नानु हंगे हेळे इल्ल. पुणेगे होगबेकु अंदे.’ खोटं आहे. मी तसं म्हटलंच नाही. पुण्याला जायचं म्हणाले.

तिचं कन्नड माझ्यापेक्षा शुद्ध होतं, शेवटचा उकारसुद्धा जागच्या जागी. तिने तोंडावर हात ठेवला, पण आता उपयोग नव्हता. मेष्ट्रू आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी पेन पुन्हा उघडलं, लाल आकडा खोडला, आणि म्हणाले की एवढं कन्नड येणाऱ्या मुलीला कन्नडातल्या विज्ञानाच्या पेपरात नापास करणं माझ्याच्याने होणार नाही. पुण्याचं काय ते तू आणि तुझे वडील बघा. मला शिक्षा म्हणून त्यांनी दोन्ही भाषांतले शब्द शेजारी शेजारी लिहून तक्त्याखाली लावायला सांगितलं, आणि सारजनकापासून सुरू कर, असं ते म्हणाले. त्यांना कोणी सांगितलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

शाळा सुटल्यावर शुभदा माझ्यापुढे वीस पावलं चालत होती. कापडांच्या गठ्ठ्यांमधून, हातगाड्यांमधून ती मागे न बघता वाट काढत होती आणि मी तिच्या वेण्यांवर नजर ठेवून पळत होते. तुळशीचे हार विकणाऱ्या बाईजवळ गर्दीने तिला अडवलं. ती मागे न वळता म्हणाली, ‘मेष्ट्रूंना सांगितलंस. उद्या बाबांना सांगशील. मला विचारलंस का एकदा तरी?’ आणि पुन्हा चालू लागली. विचारलं नव्हतं. चार महिने मी तिच्या कानात दुसऱ्यांचंच बोलणं ओतत होते, खरं आणि खोटं, पण माझं स्वतःचं एक वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. ती गर्दीत नाहीशी होणार असं दिसलं तेव्हा मी ओरडले.

‘शुभे, थांब ग.’

ती थांबली. मग मान थोडी वळवून तिने विचारलं, ‘इथं, की बेंगळुरात?’

‘दोन्हीकडे,’ मी म्हणाले.

मी गर्दीतून तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.